कैरी, आमची तरुण जर्मन शेफर्ड, आणि घरी येणाऱ्या बिहेविअर मॅडम: आठ सेशनचा अनुभव

मागच्या दोन महिन्यांत टेकडीवर भेटणाऱ्या चार-पाच जणांनी तरी विचारलं असेल की कैरीला ट्रेन कुणी केलं, आणि दर वेळी मी उभ्या-उभ्या अर्धवट काहीतरी सांगते तोवर कैरी पुढे निघालेली असते, म्हणून आज एकदाच बसून सगळं लिहितेय. लांब होणार आहे. ज्यांच्या घरात सहा ते बारा महिन्यांचं जर्मन शेफर्ड आहे आणि जे रात्री झोपताना विचार करतात की आपण हे कुत्रं आणून चूक केली का, त्यांच्यासाठी खास. मी त्या जागी होते.

सर्व्हिस काय आहे ते आधी. पुण्यात घरी येऊन कुत्र्याचं वागणं बघणाऱ्या एक मॅडम आहेत, एकट्याच काम करतात, दुकान नाही की बोर्ड नाही. पहिली भेट दोन तासांची, २,००० रुपये. मग पटलं तर आठ सेशनचं पॅकेज, सव्वा-सव्वा तासाचं एक, आमच्याकडून १६,००० घेतले. मधल्या काळात व्हॉट्सॲपवर व्हिडिओ पाठवायचे, त्यावर त्या व्हॉइस नोट पाठवतात. पाचपैकी साडेचार स्टार देईन, अर्धा का कापला ते खाली सांगते.

कैरी फेब्रुवारीतली. एप्रिलमध्ये ५५ दिवसांची असताना घरी आली, आमरसाचे दिवस होते आणि लेकाने तेव्हाच नाव ठेवलं. विकणाऱ्याने फोनवर सांगितलं होतं डबल बोन, लाँग कोट म्हणजे लांब केस, बाप चॅम्पियन लाईनचा. आता कळतंय की डबल बोन असं काही नसतंच, तो नुसता बोलण्याचा भाग आहे, आणि आम्ही जे विचारायला हवं होतं ते विचारलंच नाही, की पिल्लाची आई कुठे आहे, ती परक्या माणसाला बघून काय करते, आम्हाला तिच्याजवळ पाच मिनिटं बसता येईल का. स्वभाव बराचसा आईकडून येतो, रक्तातूनही आणि पहिल्या आठ आठवड्यांत तिला बघूनही. कुणी पिल्लू घ्यायचं ठरवत असाल तर एवढं एक तरी करा, केसांची लांबी नंतर बघा.

मग आम्ही आणखी एक गोष्ट केली जी सगळेच करतात. लसी पूर्ण होईपर्यंत बाहेर न्यायचं नाही असं ऐकलं होतं, पार्वोची, म्हणजे पिल्लांचा जीव घेणाऱ्या त्या व्हायरसची, भीती खरीच असते, तर कैरी जूनच्या मध्यापर्यंत फ्लॅटमध्येच राहिली. आम्ही चौघं, कामाच्या मावशी, गॅलरीतून दिसणारा रस्ता, बस. तिच्यासाठी जग म्हणजे एवढंच. बाहेर निघाली तेव्हा चार महिन्यांची होती, पाऊस सुरू झाला होता, सगळीकडे छत्र्या आणि रेनकोट, आणि ती सोसायटीच्या गेटपाशीच बसून राहिली, पुढे पाऊल टाकेना.

जुलैपर्यंत परिस्थिती अशी होती. लेक घरात पळाला की कैरी मागून येऊन टाचेला, पोटरीला चावायची, रक्त नाही पण निळे डाग. लिफ्टमध्ये कुणी शिरलं की भुंकणं. स्कूटर गेली की पूर्ण जोर लावून झेप. संध्याकाळी सात ते नऊ तर घरात कुणी सोफ्यावरून पाय खाली सोडू शकत नव्हतं. आणि ऑगस्टच्या तोंडावर ढोलपथकांचा सराव सुरू झाला, त्या आवाजाला ती बाथरूममध्ये कमोडच्या मागे जाऊन थरथरत बसायची, एवढं मोठं होत चाललेलं जनावर.

मधे एक ट्रेनर केले होते, नाव लिहीत नाही. महिन्याचे ९,००० रुपये, रोज अर्धा तास खाली नेऊन शिकवायचे. गळ्यात चोक चेन, म्हणजे ओढली की गळा आवळणारी साखळी. कैरी आठ दिवसांत सिट, डाऊन, हील (पायाशी चिकटून चालणं) सगळं करायला लागली आणि आम्ही खूश झालो. गुरगुरली की चेनला झटका, 'डॉमिनंट होतेय, आत्ताच मोडायला पाहिजे'. तिचं गुरगुरणं खरंच बंद झालं. आणि तिसऱ्या आठवड्यात खालच्या मजल्यावरचे काका, जे तिला नेहमी बिस्किट देतात, त्यांनी डोक्यावर हात फिरवायला वाकल्याबरोबर तिने काहीही आवाज न करता त्यांच्या मनगटाकडे तोंड टाकलं. शर्टाची बाही फाटली, हात वाचला. त्या रात्री नवरा म्हणाला की तिला कुणाला तरी फार्महाऊसवर देऊन टाकू. मी काहीच बोलले नाही, कारण माझ्याही मनात तेच आलं होतं.

या मॅडमचा नंबर आमच्या डॉक्टरांनी दिला. फोनवर त्यांनी पंधरा मिनिटं नुसते प्रश्न विचारले आणि शेवटी म्हणाल्या, ताई, मी येते, पण आधी डॉक्टरांकडून कान, दात आणि मागचे पाय तपासून घ्या, दुखत असेल तर मी काही शिकवून उपयोग नाही. मला तेव्हा जरा रागच आला, की आम्ही वागण्याबद्दल बोलतोय आणि ही कान कशाला बघायला सांगतेय. तर तपासलं आणि डाव्या कानात इन्फेक्शन निघालं, पावसाळ्यातलं, आतपर्यंत. काकांचा हात नेमका डाव्या बाजूने आला होता.

पहिली भेट मला अजून डोळ्यासमोर आहे. मॅडम आल्या, चप्पल काढली, आणि हॉलमध्ये जमिनीवर भिंतीला टेकून, कैरीकडे पाठ नाही पण बाजू करून बसल्या. तिच्याकडे बघितलंच नाही. कैरी दहा मिनिटं सलग भुंकली. त्या आमच्याशी बोलत राहिल्या, चहा घेतला, आणि मधून मधून उकडलेल्या चिकनचा तुकडा टाकत राहिल्या, पण स्वतःजवळ नाही, कैरीच्या मागे, लांब. मी विचारलं की जवळ का नाही टाकत, जवळ येईल की. तर म्हणाल्या, खाण्यासाठी ती माझ्याजवळ येईल आणि खाऊन झाल्यावर तिच्या लक्षात येईल की आपण फारच जवळ आलोय, मग ती घाबरून चावेल. मागे टाकलं की तिला खाऊही मिळतो आणि लांब जायची मोकळीकही मिळते. पाऊण तासाने कैरी स्वतःहून येऊन त्यांच्या मोज्याचा वास घेऊन गेली. त्यांनी तेव्हाही हात लावला नाही.

मग त्यांनी जे सांगितलं त्यावर पुढचे तीन महिने उभे राहिले. तुमची कुत्री रागीट नाहीये, घाबरलेली आहे, आणि तिला झोप मिळत नाहीये, आणि ती जे काम करायला जन्माला आलीये ते ती तुमच्या मुलावर करतेय. तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत, तुम्ही सगळ्याला मिळून चावणं म्हणताय.

घाबरण्याचं असं. पिल्लू साधारण तीन आठवड्यांपासून तीन-साडेतीन महिन्यांपर्यंत जग बघून ठरवतं की काय काय नेहमीचं आहे. त्या काळात जे दिसलं, ऐकलं, ते ओळखीचं. नंतर जे पहिल्यांदा समोर येतं त्याच्याकडे ते संशयाने बघतं, आणि जर्मन शेफर्डमध्ये हा संशय मुळातच जास्त, कारण राखण करणारं कुत्रं आहे. लॅब्रेडॉर कदाचित सावरलं असतं. आमची नेमकी ती वेळ चार भिंतींत गेली. मी रडवेली झाले, म्हटलं डॉक्टर म्हणाले होते बाहेर नेऊ नका. त्या म्हणाल्या, जमिनीवर सोडू नका हे बरोबर होतं, पण कडेवर घेऊन, नाहीतर गाडीत मांडीवर बसवून चौकात नेता आलं असतं, पुढच्या पिल्लाला लक्षात ठेवा, आणि हिला उशीर झालाय पण वेळ गेलेली नाही. हे ज्या सुरात त्या बोलल्या ना, त्यात दोष देणं नव्हतं, मला त्याच क्षणी वाटलं की पैसे भरायचे.

झोपेचं मला स्वप्नातही आलं नसतं. त्यांनी लेकाला एक वही दिली आणि सांगितलं, आठवडाभर कैरी किती वाजता झोपली, किती वाजता उठली, कुणी उठवलं, एवढंच लिही. आठवड्याने बेरीज केली तर रोजचे नऊ-दहा तास निघाले. या वयाच्या पिल्लाला सोळा-अठरा तास लागतात. घरात सतत कुणीतरी ये-जा, टीव्ही, कुकर, बेल, आणि शेफर्ड आहे म्हणजे प्रत्येक आवाजाला उठून बघणार, ती तिची ड्युटी आहे. संध्याकाळी सातचं चावणं म्हणजे झोप न झालेल्या लहान मुलाचं रडणं होतं. उपाय एवढाच केला की दुपारी एक ते चार आणि संध्याकाळी सहा ते साडेसात आतल्या खोलीत पडदा ओढून, पंखा लावून, तिची गादी टाकून, दार लोटून. पहिले तीन दिवस रडली, मी दाराशी बसून राहायचे. चौथ्या दिवशी झोपली आणि दहा दिवसांत संध्याकाळचं चावणं निम्म्यावर आलं. शिकवलं काहीच नव्हतं तोपर्यंत!

आणि तिसरी गोष्ट, टाचेला चावणं. हे समजावताना मॅडम इतक्या रंगून गेल्या की माझ्या सासूबाई स्वयंपाकघरातून येऊन बसल्या. ही जात मेंढ्या राखायची. १८९९ साली माक्स फॉन श्टेफानित्स नावाच्या घोडदळातल्या एका कॅप्टनने कार्ल्सरूहच्या प्रदर्शनात एक कुत्रा बघितला, तिथेच विकत घेतला, त्याचं हेक्टर नाव बदलून होरांड केलं, आणि त्याच एप्रिल महिन्यात संघटना काढून त्याला पहिल्या नंबरची नोंद दिली. आज जगात जी जर्मन शेफर्ड आहेत ती त्या होरांडच्या वंशातली. पण महत्त्वाचं हे की ते काम कसलं होतं. तिकडे शेताला कुंपण नसायचं, एका पट्ट्यात पीक, शेजारच्या पट्ट्यात मेंढ्या चरतायत, आणि कुत्रं त्या दोघांच्या मधल्या रेषेवरून दिवसभर इकडून तिकडे चालत राहायचं. मेंढी पिकात शिरली की धावून जाऊन हलकेच दाताने धरून मागे ढकलायचं आणि परत रेषेवर यायचं. सासूबाई म्हणाल्या, म्हणजे हलता बांधच की गं! मॅडम म्हणाल्या, आजी, एवढं नेमकं मला कधी सांगता आलं नव्हतं.

सासूबाई फलटणकडच्या, त्यांच्या लहानपणी शेतात धनगरांची मेंढरं बसायची, रात्री लांडग्यासाठी राखणीला कुत्री असायची. त्या म्हणाल्या आमच्याकडची कुत्री मेंढरांना वळवायची नाहीत, कळपाच्या कडेला पडून असायची आणि लांडगा आला की अंगावर जायची. तर कैरीचं मुळातलं काम वेगळं, तिच्यात चालत राहणं आहे, मोजत राहणं आहे, कळपातलं कुणी बाहेर गेलं की आत आणणं आहे. हे ऐकल्यावर मला एकदम सगळं दिसायला लागलं. ती गॅलरी ते दार अशा चकरा मारते ती उगाच नाही. आम्ही दोघं दोन खोल्यांत असलो की ती मधल्या पॅसेजमध्ये बसते. आणि लेक पळाला की ती मेंढी पिकात शिरलेली असते. (सासूबाई अजून अल्सेशियनच म्हणतात. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिशांना जर्मन हे नाव नको होतं म्हणून ते नाव आलं, त्यांच्या केनेल क्लबने जर्मन शेफर्ड हे नाव परत घेतलं ते १९७७ मध्ये. आपल्याकडे जुन्या पिढीत ते तसंच राहिलं.)

हे काम दाबून टाकता येत नाही, दुसरीकडे वळवावं लागतं. तिसऱ्या सेशनला मॅडमनी एक पीव्हीसी पाइपचा तुकडा, त्याला दोरी आणि टोकाला जुन्या टॉवेलची गाठ असं बनवून आणलं. टॉवेल जमिनीलगत फिरवायचा, कैरीने पाठलाग करायचा, मधेच थांबवायचा, ती थांबून डोळ्यांत बघेपर्यंत हलवायचा नाही, बघितलं की परत सुरू. उड्या मारू द्यायच्या नाहीत, कारण हाडांची टोकं अजून पक्की झालेली नसतात आणि या जातीत कमरेच्या सांध्याचा त्रास आहेच. सात-आठ मिनिटं बास. त्याबरोबर लेकाला शिकवलं की ती मागे आली तर पळत सुटायचं नाही, झाडासारखं उभं राहायचं. महिन्याभरात टाचा वाचल्या. इथे एक चूक मॅडमचीही झाली, त्यांनी हा खेळ आधी संध्याकाळी सांगितला होता आणि त्याने कैरी अजून चेकाळायची, रात्री दहापर्यंत शांत व्हायची नाही. वहीत ते दिसलं आणि त्यांनी लगेच सकाळवर आणला, म्हणाल्या माझं चुकलं. ट्रेनरच्या तोंडून हे ऐकायची मला सवय नव्हती.

दुसरं सेशन पूर्ण आम्हाला कैरीचे इशारे वाचायला शिकवण्याचं होतं, कैरीला हातही लावला नाही. आमच्याच मोबाईलमधले जुने व्हिडिओ लावले आणि आवाज बंद करून हळू चालवले. झोप नसताना जांभई. समोर खायला नसताना ओठावरून जीभ. मान वळवून डोळा मात्र आपल्याकडे, डोळ्याच्या कडेचं पांढरं दिसतंय. ओलं नसताना अंग झटकणं. तोंड एकदम मिटणं, श्वास थांबणं. काकांच्या प्रसंगाच्या दोन दिवस आधीचा एक व्हिडिओ होता, तेच काका तेच बिस्किट, आणि बारा सेकंदांत कैरीने या पाचपैकी चार गोष्टी केल्या होत्या. आम्ही मागून हसत होतो, किती गोड बसलीये म्हणून. मॅडम म्हणाल्या, ती ओरडून सांगत होती, आवाज तेवढा नव्हता, आणि आवाज का नव्हता तर गुरगुरलं की गळा आवळतो हे तिला शिकवलं गेलं होतं. गुरगुरणं बंद करणं म्हणजे घराच्या मीटरचा जळका वास येतोय म्हणून खिडकी उघडून टाकण्यासारखं आहे. त्या दिवसापासून आमच्या घरात नियम आहे, कैरी गुरगुरली की तिला रागवायचं नाही, आपण दोन पावलं मागे जायचं आणि का गुरगुरली ते शोधायचं. चोक चेन त्याच दिवशी गेली, छातीवरून येणारा पट्टा आला. ॲव्हसॅब म्हणून अमेरिकेतली प्राण्यांच्या वागण्यावर काम करणाऱ्या व्हेट लोकांची संस्था आहे, त्यांनी २०२१ मध्ये स्पष्ट म्हटलंय की कुठल्याही कुत्र्यासाठी बक्षीस देऊन शिकवण्याचीच पद्धत वापरावी, रागीट कुत्र्यासाठीसुद्धा. आपल्याकडे शेफर्ड म्हटलं की 'कडक हात पाहिजे' हे अजून सर्रास ऐकू येतं, मला ते ऐकलं की आता पोटात कालवतं.

भाषेचा एक मुद्दा, हा मराठी घरांसाठी महत्त्वाचा आहे. आम्ही तिला 'बस' शिकवलं होतं. मॅडमनी एक तास मोजलं, घरात बस हा शब्द किती वेळा येतो. बस झालं, बस आली का, भाजी बस का अजून वाढू, पाच मिनिटं बस जरा. तो शब्द तिच्यासाठी पंख्याच्या आवाजासारखा झाला होता. म्हणून 'सिट'. तसंच 'ये' च्या जागी 'इकडे', कारण ये आम्ही सगळ्यांनाच म्हणतो. आणि तिचं नाव रागवताना घ्यायचं नाही. सासूबाईंना हे सगळ्यात जड गेलं, त्या प्रत्येक वाक्य 'अगं कैरी' नेच सुरू करायच्या, पण त्यांनीच सगळ्यात काटेकोर पाळलं.

ढोलाचं काम चौथ्या सेशनला. मी आधीच यूट्यूबवरून पथकाचा आवाज लावून सवय करून घेत होते आणि कैरी त्याला काही करायची नाही, म्हणून मला वाटलं झालं. मॅडम म्हणाल्या, फोनच्या स्पीकरमधून ढोलाचा खालचा आवाज येतच नाही, जो छातीत धडधडतो तो, तिला भीती त्याची आहे. मग आम्ही तिला गाडीत घालून नदीकाठच्या सरावापासून इतक्या लांब उभं राहिलो की मला जेमतेम ऐकू येत होतं. कैरीचे कान फिरले, पण चिकन खाल्लं. खातेय म्हणजे अंतर बरोबर. दहा मिनिटं, घरी परत. दुसऱ्या दिवशी तेवढंच अंतर. तिसऱ्या दिवशी मला घाई झाली, मी वीस-पंचवीस पावलं पुढे गेले, तिने खाणं थांबवलं आणि शेपूट आत, आणि पुढचे चार दिवस परत मागे जावं लागलं. असं करत करत विसर्जनाच्या दिवशी ती बाथरूममध्ये गेली नाही, आतल्या खोलीत पंखा लावून माझ्या मांडीवर डोकं ठेवून चघळायचं हाड चघळत राहिली. पूर्ण बरी नव्हती, श्वास जोरात होता. पण खात होती. मी तेव्हा नवऱ्याला बाहेर फोटो पाठवला आणि तो मिरवणुकीतून घरी आला.

ऑक्टोबरमध्ये सगळं बिघडलं. आठ महिन्यांची झाली आणि जे येत होतं ते येईना, मी इकडे म्हटलं की दुसरीकडे बघायची, आणि मॅडमनी सांगितलं की लगेच करायची! मला इतकं लागलं ते. त्यांनी मग एक अभ्यास सांगितला, २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला, ब्रिटनमधला, गाईड डॉग (अंध माणसांना वाट दाखवणारी कुत्री) होऊ घातलेल्या लॅब्रेडॉर, गोल्डन रिट्रीव्हर आणि त्या दोघांच्या मिश्र कुत्र्यांवर. पाच महिन्यांची असताना आणि आठ महिन्यांची असताना तीच सिटची आज्ञा, एकदा स्वतःच्या माणसाने आणि एकदा परक्याने. आठ महिन्यांना ती स्वतःच्या माणसाचं कमी ऐकत होती, परक्याचं ऐकणं मात्र कमी झालं नव्हतं. ज्यांचं त्या माणसाशी नातं डळमळीत होतं त्यांच्यात हे जास्त दिसलं. वय सरलं की हे निवळतंही. आपल्या दहावीतल्या मुलांसारखंच. नेमकं याच वयात लोक कुत्री देऊन टाकतात, आम्हीही त्याच दारात उभे होतो. मॅडमनी त्या महिन्यात नवीन काही शिकवलं नाही, अपेक्षा कमी केल्या, चालणं म्हणजे वास घेत फिरणं एवढंच, रोजचं खाणं वाटीतून न देता टॉवेलमध्ये गुंडाळून, पुठ्ठ्याच्या खोक्यात, नाहीतर गॅलरीत पसरून. तिला शोधायला द्या, डोकं दमलं की शरीर शांत होतं. हे शंभर टक्के खरं आहे, वीस मिनिटं वास शोधून ती जेवढी झोपते तेवढी तासभर पळवून झोपत नाही.

दिवाळीचं, लिफ्टचं, डॉक्टरांकडे टेबलावर उभं राहण्याचं, जाळीचं मझल (चावू नये म्हणून तोंडावर घालतात ते) आनंदाने घालण्याचं, ही सेशन चांगलीच झाली, प्रत्येकाबद्दल लिहीत नाही. मझलबद्दल एवढंच की ते आधी लोण्यासारखं पनीर चाटायचं भांडं म्हणून दिलं आणि दहा दिवसांनी पट्टा लावला, आता मझल हातात घेतलं की कैरी स्वतः तोंड घालते.

आता अर्धा स्टार का कापला. एक, वेळ. त्या फक्त आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी येतात आणि घरातले सगळे हजर पाहिजेत हा त्यांचा हट्ट आहे, नवऱ्याला आठ वेळा ऑफिसला उशीर झाला. हट्ट बरोबर आहे हे मला पटतं, पण शनिवार मिळायला हवा. दोन, व्हॉइस नोट. एक अकरा मिनिटांची होती, त्यात कामाचं एक मिनिट शोधायला दोनदा ऐकावं लागलं, चार ओळी लिहून पाठवल्या तर किती बरं होईल. तीन, पैसे. १८,००० म्हणजे सगळ्यांना झेपणारी गोष्ट नाही, आणि फक्त पहिली दोन सेशन वेगळी मिळाली असती तर कित्येक घरांचं तेवढ्यावर भागलं असतं. मी त्यांना हे सांगितलंय, विचार करते म्हणाल्या.

आणि ज्यांना वाटतं की दोन महिने कुत्रं कुठेतरी ठेवावं आणि तयार करून घरी आणावं, त्यांनी यांच्याकडे जाऊ नका, त्या तसं काम घेत नाहीत. मी विचारलं होतं. त्या म्हणाल्या, शिकणारी ती एकटी नाहीये.

कैरी आता पंधरा महिन्यांची आहे, २७ किलो. हेल्मेट घालून दारात कुणी आलं तर अजून भुंकते, दोन-तीनदा, मग माझ्याकडे बघते, मी 'बघितलं मी' म्हटलं की आपल्या गादीवर जाते. अनोळखी माणसाने हात लावलेला तिला आवडत नाही आणि आम्ही आता ते आवडावं म्हणून प्रयत्नही करत नाही, मॅडमनी पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं की हिला लॅब्रेडॉर करायला जाऊ नका, ही सगळ्यांची मैत्रीण होणार नाही, चार माणसांसाठी जीव टाकेल. खालचे काका रोज सकाळी जिन्याच्या कठड्यापाशी बाजू करून उभे राहतात, बिस्किट तिच्या मागे टाकतात, आणि फेब्रुवारीत तिच्या वाढदिवसाच्या आसपास तिने पहिल्यांदा त्यांच्या पायाला अंग घासलं. काकांनी हात खिशातून काढला नाही.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात मॅडमना एका फॉलो-अपसाठी बोलावलंय, पथकांचा सराव सुरू व्हायच्या आधी. वही लेकाने आत्तापासून भरायला घेतलीये. नंबर हवा असेल तर मला मेसेज करा, त्यांना विचारून देते.